विद्यार्थ्यांची चूल

आमच्या महाविद्यालयांचे इतिहास आतां बरेच लिहिले गेले आहेत. इमारतीची कोनशिला कोणीं बसविली, पहिले प्राचार्य कोण होते, ग्रंथालयांत पुस्तकें किती आहेत, हें त्यांत सांपडतें. परंतु तेथें शिकणारा मुलगा सकाळीं काय खाऊन वर्गांत येऊन बसे, तें कोणीं शिजविलें आणि त्याचा शिधा कोणाच्या घरून आला, याची नोंद मला कोठें आढळली नाहीं. मी स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलों नाहीं. मात्र महाविद्यालयांत जाणाऱ्या चार मुलांचा स्वयंपाक मीं तीन वर्षें केला आहे. तेव्हां या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार पुस्तकी नसून पातेल्याच्या बाजूचा आहे, एवढें ध्यानांत घेऊन आपण ऐकावें.

जुन्या काळीं परगांवीं शिकावयास गेलेल्या गरीब मुलापुढें दोन वाटा असत. एक माधुकरीची व दुसरी वारांची. माधुकरी म्हणजे झोळी घेऊन ठराविक घरीं जाणें आणि पडेल तें एकत्र करून खाणें. वार म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरांत वांटून घेणें. पुण्यांतील अनाथ विद्यार्थी गृह १९०९ सालीं निघालें, तेव्हां तेथील मुलें माधुकरीवरच शिकलीं. या पद्धतीनें महाराष्ट्रास पुष्कळ मोठीं माणसें दिलीं हें खरें आहे, आणि तिची थोरवी सांगणारीं भाषणेंहि आपण सर्वांनीं ऐकलीं आहेत. पण ज्यास वार लावून जेवावें लागलें त्याची बाजू निराळी होती. सोमवारच्या घरीं सुतक आलें कीं सोमवारीं उपास. गुरुवारची यजमानीण माहेरीं गेली कीं गुरुवार कोरडा. दुसरी पोळी मागावी किंवा नाहीं, हें वाढणारीच्या मुद्रेकडे पाहून ठरवावयाचें. आणि एवढें सोसावयाची तयारी असली तरी वार मिळत तो बहुधा ब्राह्मणाच्याच मुलास. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या आणि अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मुलास ती वाट जवळ जवळ बंदच होती.

तिसरी वाट हातानें शिजवून खाण्याची. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ सालीं वारले, तेव्हां थोरले बंधु गोविंदराव यांनीं आपलें शिक्षण सोडलें, पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांपैकीं आठ रुपये ते दरमहा शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवीत. गोपाळराव कोल्हापुरास स्वतः स्वयंपाक करीत व दिव्याच्या तेलाचाहि हिशेब ठेवीत. चरित्रकार या काटकसरीवर पानेंच्या पानें लिहितात, आणि लिहावींतहि. पण उरलेल्या सात रुपयांत घर चालविणाऱ्या गोविंदरावांच्या वांट्याला बहुधा दोन ओळी येतात. मला त्या दोन ओळी फार वाचाव्याशा वाटतात; कां, तें पुढें येईल.

डॉ. आंबेडकर १९२० सालीं शिक्षण पुरें करण्यासाठीं पुन्हां लंडनला गेले, तेव्हां त्यांचीहि स्थिति अशीच होती. घरमालकिणीच्या तुटपुंज्या न्याहारीवर दिवस काढावयाचा, दिवसभर ग्रंथालयांत बसावयाचें आणि रात्रीं भुकेनें झोंप येईना म्हणजे बरोबर नेलेले पापड पत्र्यावर भाजून खावयाचे. एवढ्या मोठ्या पंडितानें पत्र्यावर पापड भाजावा, याचें कित्येकांस नवल वाटतें. ज्यानें खोलींत राहून शिक्षण केलें आहे त्यास तें वाटणार नाहीं.

एकेकट्या मुलाची ही ओढाताण थांबविण्याचे मोठे प्रयत्न झाले ते वसतिगृहांच्या रूपानें. शाहू महाराजांनीं कोल्हापुरास १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें आणि पुढील आठ-दहा वर्षांत जैन, लिंगायत, मुसलमान व अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं निरनिराळीं वसतिगृहें उभीं राहिलीं. प्रत्येक जातीची चूल निराळी होती, कारण त्या वेळीं त्यावांचून मुलें घराबाहेर पडलींच नसतीं. ही चूल एक करण्याचें धाडस साताऱ्यास १९२४ सालीं भाऊराव पाटलांनीं केलें. त्यांच्या बोर्डिंगांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसत, पाळीपाळीनें दळीत, पाणी भरीत, भाकरी थापीत. १९२७ सालीं महात्मा गांधी तेथें आले व त्यांच्या हस्तें या बोर्डिंगास छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें. या बोर्डिंगांत एकदां दाणा उरला नाहीं, तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपल्या गळ्यांतील मंगळसूत्र दिलें. इतर दागिने आधींच गेले होते. त्या १९३० सालीं वारल्या. साताऱ्याचीं मुलें पुढें वकील झालीं, शिक्षक झालीं, मंत्री झालीं. त्यांच्या पहिल्या भाकरीचें पीठ त्या मंगळसूत्राचें होतें.

हें पश्चिम महाराष्ट्राचें झालें. आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत. हायस्कुलें मोजकीं, त्यांत माध्यम उर्दू. आणि मॅट्रिकच्या पुढें शिकावयाचें तर औरंगाबाद किंवा थेट हैदराबाद. तेथवर जाणाऱ्या मुलाच्या घरीं जमीन तरी असे, नाहीं तर वतन तरी असे. १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान मुक्त झालें. १९५० सालीं आंबेडकरांनीं औरंगाबादेस महाविद्यालय काढलें, जें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. आणि पाहतां पाहतां बीड, आंबेजोगाई येथेंहि महाविद्यालयें उभीं राहिलीं. शिवाय १९५९ पासून बेताच्या उत्पन्नाच्या घरांतील मुलांस सरकारनें फीची माफी दिली. फी माफ झाली. पोट कोण माफ करणार? वसतिगृहांत जागा थोड्या आणि खानावळीचे पैसे रोख द्यावयाचे. तेव्हां ‘खोली करून राहणें’ हा वाक्प्रचार आमच्या भागांत रूढ झाला. तीन-चार मुलांनीं मिळून एक खोली भाड्यानें घ्यावयाची, घरून पीठ-डाळ आणावयाची व शिजवून खावयाचें. मराठवाड्यांतील पदवीधरांची एक सबंध पिढी या खोल्यांतून बाहेर पडली आहे.

आमचें गांव केज तालुक्यांत, माळावरचें. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हां मी बारा वर्षांचा होतों. आई-वडील दोघेंहि दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. खाण्यास अमेरिकेहून आलेला लाल मिलो. त्याची भाकरी थापतां थापतां चिरे. लहान मुलांसाठीं कामावर सुकडी मिळे. अशा स्थितींत १९७३ च्या जूनमध्यें थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतों, आंबेजोगाईस महाविद्यालयांत दाखल झाला. खानावळ महिन्याला पन्नास रुपयांच्या घरांत होती; तेवढे पैसे आमच्या घरांत एकत्र कधींच दिसले नव्हते. म्हणून वडिलांनीं मला त्याच्याबरोबर धाडलें. मी आठवीला तेथील शाळेंत जावें आणि स्वयंपाक पाहावा, असा तो बेत. खोलींत दादा, त्याचे तीन सोबती व मी पांचवा. भाड्यांत मला धरलें नव्हतें. माझें भाडें मी पातेल्यानें फेडीत असें.

पहिला प्रश्न जळणाचा. आमच्यापाशीं एक वातीचा स्टोव्ह होता, पण त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें आणि त्याची झळ रॉकेलच्या रांगेपर्यंत येऊन पोंचली. शिधापत्रिका गांवची, शहरांत आमच्या नांवावर थेंब मिळेना. मग आम्हीं भुशाची शेगडी केली. आज ती फारशी कोणास ठाऊक नसेल म्हणून सांगतों. पत्र्याच्या डब्याला तळाशीं एका बाजूस भोंक पाडावें. त्यांतून एक दांडका आडवा सारावा आणि डब्याच्या मधोमध एक बाटली उभी धरावी. भोंवतीं लाकडाचा भुसा ठासून भरावा व मग बाटली आणि दांडका हलक्या हातानें काढून घ्यावा. आंत नळीसारखी पोकळी राहते. खालून कागद पेटवून सारला कीं भुसा आंतल्या आंत दोन-तीन तास जळत राहतो. लांकूड कापण्याच्या गिरणीवर भुसा जवळ जवळ फुकट मिळे. दोष एकच, कीं एकदां पेटलेली ही शेगडी मध्येंच विझवितां येत नाहीं. म्हणून सकाळीं एकापाठोपाठ सगळें त्याच आंचेवर करून घ्यावयाचें: आधीं डाळ, मग कण्या, शेवटीं अंघोळीचें पाणी. डाळीला उकळी फुटली कीं पातेलें झांकून जुन्या गोधडींत गुंडाळून कोपऱ्यांत ठेवीत असें. तासाभरानें डाळ मऊ होई. महायुद्धांच्या काळांत इंग्लंडांतील गृहिणी गवत भरलेल्या पेटींत असेंच अन्न शिजवीत, हें मीं पुष्कळ वर्षांनीं वाचलें. आमच्या आईनें तें वाचलें नव्हतें. तिला तें ठाऊक होतें.

शहरांतील सुखवस्तु एकट्या माणसासाठीं याहून नेटकी योजना पूर्वींच निघाली होती. कलकत्त्याचे इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० सालीं इकमिक कुकर काढला. एकावर एक डबे, खालीं थोडे निखारे; वाफेवर वरण-भात-भाजी एकदम तयार. आमच्या हेडमास्तरांच्या घरीं तो एक होता, आणि आम्ही मुलें त्याकडे एखाद्या यंत्राकडे पाहावें तसें पाहत असूं.

आतां आम्ही काय खात होतों तें. भात नव्हे, आमच्याकडे तांदूळ पिकत नाहीं, तो सणाचा. रोजचें अन्न ज्वारीच्या कण्या. ज्वारी गिरणींत जाडसर भरडून आणावी, पाखडून पीठ निराळें काढावें. उरतात त्या कण्या. एक वाटी कण्यांस चार वाट्या पाणी व मीठ. मधून मधून ढवळीत शिजवावें. ताक मिळालें तर ताकांत कालवून, नाहीं तर कांदा, तिखट व करडीचें कच्चें तेल. तेरा वर्षांच्या मुलास भाकरी थापणें जड जाई. माझी भाकरी पहिल्या वर्षीं नकाशांतील देशांच्या आकाराची होत असे, आणि दादाचा एक सोबती रोज तिचें नांव सांगे. कंटाळा आला कीं वरणफळें करावयाचीं, म्हणजे उकळत्या वरणांत कणकेचे चौकोनी तुकडे सोडावयाचे. एकच पातेलें, एकच आंच, आणि डाळ व धान्य एकमेकांचें उणें भरून काढतात असें आतां आहारशास्त्रहि सांगतें. परीक्षेच्या दिवसांत सकाळीं सुशीला. भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांस फोडणी, दाणे व डाळ्याची पूड घालून तो पांच मिनिटांत होतो.

पण आमचें खरें भांडवल येसर. बीड-धाराशिवकडे लग्नाच्या पंक्तीला येसराची आमटी लागतेच, परंतु मी तिला विद्यार्थ्याची आमटी म्हणतों. गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, थोडे तांदूळ, हीं निरनिराळीं खरपूस भाजावयाचीं. धने, जिरें, सुकी मिरची, दगडफूल, लवंग हेंहि भाजावयाचें. आणि सगळें मिळून बारीक दळावयाचें. हें पीठ महिना दोन महिने सहज टिकतें. खोलींत भाजी नसो, डाळ नसो, वेळ नसो. कांदा-लसणाची फोडणी, त्यावर येसर कालवलेलें पाणी, दहा मिनिटें उकळी, कीं पांच जणांचें जेवण झालें. आई दर अमावास्येच्या आसपास तें करी. दिवसभर खडी फोडून आल्यावर रात्रीं तवा ठेवी, हें मला तेव्हां सुचलें नव्हतें. डब्यावर तारीख नसते.

हे डबे येत एस. टी. नें. निजामाच्या राज्यांत १९३२ पासूनच सरकारी मोटारी धावत होत्या आणि १९६१ सालीं मराठवाड्याची ही सेवा राज्य परिवहन महामंडळांत मिळाली. आगगाडी परळीपर्यंत; बीड शहराला तर ती १७ सप्टेंबर २०२५ या दिवशीं मिळाली. त्यामुळें आमच्या जिल्ह्यांतील शिक्षण मोटारीच्या टपावरून आणि कंडक्टरच्या बाकाखालून आलें, असें म्हटल्यास तें फारसें चुकणार नाहीं. फडक्यांत बांधलेला डबा, त्याला दोऱ्यानें अडकविलेली नांवाची चिठ्ठी. दुपारीं स्थानकावर आमच्यासारखीं वीस-पंचवीस मुलें उभीं असत. ओढ्याला पाणी आलें कीं गाडी नाहीं, गाडी नाहीं कीं भाकरी नाहीं. दुसऱ्या दिवशीं आलेली शिळी भाकरी कुस्करून फोडणीस टाकीत असूं. ती ताजीपेक्षां चांगली लागे, ही मात्र अजून माझी खात्री आहे. त्या कंडक्टरांनीं कधीं एका पैशाचें भाडें घेतलें नाहीं.

आमच्या पहिल्या घरमालकानें एकदां दादास बाजूला घेऊन चौघांपैकीं एका मुलाची जात विचारली, आणि त्यानें पाण्याच्या घागरीस हात लावूं नये असें सुचविलें. दादा आंत आला. कण्या अर्ध्या शिजल्या होत्या. त्यानें फडक्यानें पातेलें उचललें, मला शेगडी घ्यावयास सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दुसऱ्या गल्लींत होतों. पेटलेली शेगडी हातांत घेऊन चालणें किती अवघड असतें, तें मला त्या दिवशीं कळलें. साताऱ्याच्या बोर्डिंगाविषयीं दादानें वाचलें असेल किंवा नसेल. मला त्यानें कांहींच समजावून सांगितलें नाहीं.

१९७६ सालीं मी मॅट्रिक झालों. बरे गुण होते. दादाचें बी. ए. चें शेवटचें वर्ष उरलें होतें आणि वडिलांच्या छातीला खडीच्या धुळीचा दम्यासारखा त्रास जडला होता. दोघांचें पीठ एका घरांतून निघेना. या गोष्टीची घरांत चर्चा झाली नाहीं. मी जूनमध्यें पेरणीस गांवींच राहिलों आणि दादा एकटाच आंबेजोगाईस गेला. पुढें मी अध्यापनाची पदविका घेतली व अडतीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविलें. दादा पदवीधर झाला, सरकारी नोकरींत चढला. मला त्याचें वाईट वाटत नाहीं, असें मी लोकांना सांगतों, आणि बहुतेक दिवस तें खरेंहि असतें.

या खोल्यांच्या इतिहासांतून एक मोठा वर्ग बाहेर राहिला, तो मुलींचा. माझ्याहून दोन वर्षांनीं लहान असलेली बहीण सातवीपर्यंत शिकली. तिनें स्वयंपाक माझ्याहून कितीतरी चांगला केला असता, पण मुलीनें खोली करून राहणें ही कल्पनाच कोणास सुचली नसती. भावांसाठीं दळलेल्या येसराच्या दळणाला तिचेच हात होते.

आतां रॉकेलचा स्टोव्ह गेला. खोल्यांतून गॅसची लहान टाकी किंवा विजेची शेगडी असते, आणि कुकर असतो. वसतिगृहांत प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध मुलांस स्वाधार योजनेंतून जेवणा-राहण्याचे पैसे मिळतात, ही चांगली गोष्ट झाली. परंतु पुण्याच्या पेठांतून स्पर्धा-परीक्षांचा अभ्यास करणारीं आमच्या जिल्ह्यांतील मुलें पाहिलीं, तर मूळ प्रश्न तोच आहे. २०१८ सालीं पाऊस गेला तेव्हां या मुलांच्या खानावळी थकल्या. घरीं मागावयाची सोय नव्हती, कारण घरचीं माणसें ऊसतोडीस गेलीं होतीं. कित्येकांनीं एका वेळच्या डब्यावर दोन वेळा भागविल्या. गांवांतहि त्याच वेळीं कोणी तरी आपली वेळ टाळली असणार.

दादाची नात गेल्या वर्षीं पुण्यास शिकावयास गेली. दोघी मैत्रिणींनीं खोली केली आहे. मागच्या महिन्यांत तिचा फोन आला. ‘आजोबा, तुम्ही दिलेल्या येसराची आमटी केली, पण सगळ्या गुठळ्या झाल्या.’ मीं विचारलें, पीठ कशांत घातलेंस? ती म्हणाली, उकळत्या पाण्यांत. मीं सांगितलें, बाळ, पीठ आधीं वाटीभर थंड पाण्यांत कालवून घ्यावयाचें, आणि तें ओततांना दुसरा हात ढवळीत ठेवावयाचा. तिनें फोन तसाच धरून पुन्हां पातेलें चढविलें. फोडणीचा आवाज मला येथवर ऐकूं आला.